मावशीकडची टाकी

ठाण्याला मावशीकडे गेलो होतो. मावसभाऊ नोकरीसाठी हैदराबादला गेल्याला आठ महिने झाले, तेव्हापासून त्याच्या फिश टँकचं पाणी बदललेलं नाही. काच हिरवी, पाणी कोऱ्या चहासारखं, खड्यांवर काळपट गाळ. दोन गोल्डफिश आणि एक सकर मासा त्यातही तग धरून आहेत. मावशी रोज नेमाने दाणे टाकते, पाणी आटलं की तांब्याने भर घालते. पण वाफ होते ती नुसत्या पाण्याची, घाण आणि क्षार टाकीतच साठत जातात. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

*

"अरे, मासे बादलीत काढ आणि सगळं एकदाचं घासून टाक."

नववीत असताना मी हेच केलं होतं. खडे साबणाने धुतले, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ होईपर्यंत पिळला, टाकी थेट नळाच्या पाण्याने भरली. सकाळी चारही गप्पी मेलेले. शाळेत जाण्याआधी ते जास्वंदीच्या कुंडीत पुरले. मावशीला हे सांगितलं, तेव्हा ती गप्प झाली आणि म्हणाली, "मग तू सांगशील तसं करू."

*

माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. स्पंजात आणि खड्यांत राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन जहाल, नायट्रेट त्यामानाने सौम्य. या कामात आम्ल तयार होत राहतं. पाणी बदललं नाही तर पीएच उतरत जातो, जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साठतो. पण आम्लधर्मी पाण्यात तो बहुतांशी अमोनियमच्या, कमी घातक रूपात असतो. म्हणून मासे जगलेले दिसतात.

थेंबांच्या किटने तपासलं. टाकीत पीएच 6, नळाला 7.5. पीएच एका अंकाने चढला की विषारी अमोनियाचा वाटा जवळपास दहापट होतो, दीड अंकाने सुमारे तीसपट. बरंचसं ताजं पाणी एकदम ओतणं म्हणजे टाकीत उरलेलं विष एका तासात जागं करणं.

*

टाकी 2 × 1 × 1 फूट, म्हणजे 57 लिटर. खडे आणि वरची रिकामी जागा सोडली तर पाणी 50 लिटर धरू. रोज पाच लिटर काढायचं आणि तेवढंच घालायचं. आठवडाभर असं केलं तरी जवळपास निम्मं जुनं पाणी उरतंच, आणि तेच हवंय. नवं पाणी खोलीतल्या पिंपात ठेवायचं, म्हणजे टाकीएवढंच कोमट राहील. त्यात अँटीक्लोरीन बाटलीवरच्या मापाने टाकायचं. नळाचं क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं आणि जिवाणूही मारतं.

मासे बाहेर काढायचे नाहीत. जाळीपासून पळताना ते आणखी दमतात.

*

आधी पंपाचं बटण बंद. मग काच, साबण न लागलेल्या नव्या स्क्रबरने. मागची काच सोडली, तिथलं शेवाळ सकरला चरायला.

खडे एका वेळी एक तृतीयांशच. सायफनची नळी तळाशी धरली की गाळ पाण्याबरोबर बादलीत येतो. एका कोपऱ्यातून सडक्या अंड्याचा वास आला. तो गाळ हाताने ढवळला नाही, नळीनेच हळूहळू ओढला. नळी तोंडाने ओढायची नसते, आधी पाण्याने भरून घ्यायची.

स्पंजाला वेगळा दिवस. टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा पिळला, तपकिरी राहिला तरी परत लावला. ही पायरी चुकली तर बाकीची मेहनत वाया जाते.

*

1850 साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टनने टाकीत गोल्डफिश आणि पाणवनस्पती एकत्र राखल्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. कुजलेल्या पानांनी त्याचंही पाणी बिघडलं होतं. टाकी धुण्याऐवजी त्याने पानं खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या.

*

दाणे निम्मे केले. मावशीला ते जड गेलं. "उपाशी नाही ना राहणार?" दोन दिवस काहीच मिळालं नाही तरी धडधाकट मोठा गोल्डफिश राहतो, हे तिला तीनदा सांगावं लागलं.

काढलेलं पाणी मोगऱ्याला. त्यातलं नायट्रेट हे झाडाचं खतच.

*

आज बारावा दिवस. मावशीचा फोन. मोठ्या गोल्डफिशच्या शेपटीला पांढरी कड आहे, ती तिला आज पहिल्यांदा दिसली. पीएच 6.6. उरलेले खडे रविवारी.