आमचे नवे बूट

नवी वस्तू घरात आली की मनुष्याला आनंद होतो, आणि बहुतेक नव्या वस्तू त्या आनंदाचा मान राखतात. नवा सदरा अंगावर चढविला की तो तत्काळ आपला होतो. नवी लेखणी पहिल्याच ओळीपासून आपले अक्षर काढू लागते. नवी छत्री तर इतक्या लवकर आपली होते की, पहिल्याच पावसात आपण ती कोठेतरी विसरूनही येतो. या नियमाला आमच्या माहितीत एकच अपवाद आहे, आणि तो म्हणजे चामड्याचे नवे बूट. पैसे मोजून आपण ते घरी आणतो खरे; परंतु त्यानंतर कित्येक दिवस ते आपले होत नाहीत. हे ज्ञान आम्हांस गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर झाले, आणि त्याची किंमत आमच्या दोन्ही टाचांनी चुकती केली.

त्याचे असे झाले. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासाठी आमच्या शाळेचे एक पथक पाठवावयाचे ठरले, आणि त्या पथकाबरोबर चालण्याची कामगिरी मुख्याध्यापकांनी आमच्यावर सोपविली. मराठीच्या शिक्षकाचा आणि संचलनाचा संबंध काय, असा प्रश्न आमच्या मनात आला होता. पण ‘तुमचा आवाज मोठा आहे’ एवढ्या एकाच गुणावर आमची निवड झाली. मोठ्या आवाजाच्या जोडीला मोठे बूटही हवेत, हे ओघानेच आले.

येथे आमच्या पायांचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. आमचा जन्म गोव्यातला, पेडणे तालुक्यातला. तांबड्या मातीत आणि जांभ्या दगडांच्या पायऱ्यांवर आम्ही अनवाणीच वाढलो. पावसाळ्यात शेताच्या बांधावरून चालताना पायाची पाचही बोटे चिखलात रोवून धरावी लागतात. त्यामुळे की काय कोण जाणे, आमचे चवडे पंख्यासारखे पसरलेले आहेत. पुढे चपला आल्या, त्याही कोल्हापुरी. आम्ही सरसकट कोल्हापुरी म्हणतो खरे, पण या चपलेचे कारागीर एकट्या कोल्हापुरातच आहेत असे नाही. आमच्या बेळगाव जिल्ह्यातील अथणी हे गावही त्यासाठी प्रसिद्ध आहे. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून, आणि त्यांत बेळगाव आहे. माणसांनी आखलेली सीमा या चपलेने कधी मानली नाही.

बाभळीची साल आणि हिरडा यांत मुरविलेले ते जाड कातडे आरंभी लाकडासारखे ताठ असे. वडील नव्या चपला आणीत, तेव्हा त्या दिवशी त्या कोणालाच पायांत घालू देत नसत. रात्री दिव्यापाशी बसून ते पट्ट्यांना तेल चोळीत, आणि आम्ही घाई केली की कोकणीत म्हणत, “कातड्याक वेळ दिवंक जाय.” कातड्याला वेळ द्यावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही कला शाखेचे पदवीधर झालो, अनेक थोरांची वचने पाठ केली. परंतु वडिलांचे हे वचन मात्र सोयीस्करपणे विसरलो.

बूट आम्ही बेळगावच्या कँपातील एका वृद्ध कारागिराकडून करून घेतले. मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र १९२२ सालापासून या गावात आहे, आणि या कारागिराच्या वडिलांनी शिपायांच्या बुटांच्या तळांना लोखंडी खिळे ठोकण्यात आयुष्य घालविले होते. त्यांनी आमचे माप सायंकाळी घेतले. दिवसभराच्या चालण्याने पाय किंचित सुजतो, म्हणून सकाळच्या मापाचा बूट सायंकाळी घट्ट होतो, असे कारण त्यांनी सांगितले. आठ दिवसांनी बूट हातांत देताना ते म्हणाले, “गुरुजी, नवं कातडं आहे. महिनाभर तुम्ही त्याचं ऐका, मग दहा वर्षं ते तुमचं ऐकतंय बघा.” आम्ही मान डोलावली, आणि दुसऱ्याच दिवशी ते बूट घालून घरापासून शाळेपर्यंत पायी निघालो.

पहिला फर्लांगभर रस्ता मोठ्या दिमाखात पार पडला. बूट करकर वाजत होते, आणि त्या आवाजाने आपल्या चालण्याला काही वजन आले आहे असे आम्हांस वाटत होते. शाळेत तर त्याचा उपयोगही झाला. आम्ही जिन्यावर असतानाच आठवीच्या वर्गात शांतता पसरली. परंतु दुसऱ्या तासाला उजवी टाच कुरकुरू लागली, तिसऱ्या तासाला डावी करंगळी तिला मिळाली, आणि चौथ्या तासाला आम्ही फळ्यापासून टेबलापर्यंतचे चार पावलांचे अंतर टाळण्यासाठी बसूनच व्याकरण शिकवू लागलो. मधल्या सुट्टीत मुले पटांगणावर गेल्यावर बूट काढून पाहतो तो काय! दोन्ही टाचांवर रुपयाएवढे फोड, आणि एक फुटून मोजा चिकटलेला.

वर्ग रिकामा आहे अशी आमची समजूत होती; पण शेवटच्या बाकावर एक मुलगा बसलेला होता. त्याच्याविषयी आता सांगितलेच पाहिजे, कारण या लेखाचे खरे कारण तोच आहे.

हा मुलगा जून महिन्यात आमच्या शाळेत आला. त्याचे गाव खानापूर तालुक्यात, गोव्याच्या सीमेजवळच्या रानात, कणकुंबीकडचे. घरात कोकणी बोलणारे. पहिल्याच महिन्यात आम्ही वर्गाला ‘आमच्या गावची नदी’ हा निबंध लिहावयास सांगितला होता. मलप्रभा नदी कणकुंबीला उगम पावते. म्हणजे वर्गात त्या विषयावर लिहिण्याचा खरा अधिकार कोणाला असेल तर त्यालाच होता. त्याने तीन पाने लिहिली. आम्ही त्या तिन्ही पानांवर लाल शाईचा सडा घातला, आणि तेवढ्याने समाधान न होऊन त्याला ती वर्गापुढे वाचावयास लावली. ‘नदी’ म्हणावयाचे तेथे त्याने ‘न्हंय’ म्हटले. वर्ग हसला. तेव्हा वर्गाला दटावण्याऐवजी आम्ही त्यालाच म्हणालो, “ही मराठीची वही आहे. घरची भाषा घरी ठेवून येत जा.” त्या दिवसापासून तो मुलगा वर्गात बोललेला आम्हांस आठवत नाही. विचारले तर उभा राही, खाली पाही, आणि बस म्हटले की बसे.

त्यातली लाजिरवाणी गोष्ट अशी की, ‘न्हंय’ हा शब्द आमच्याही घरचा. महाविद्यालयात असताना एकदा आमच्या तोंडून ‘आलो’ऐवजी ‘आयलो’ निसटले होते, आणि मित्रांनी वर्षभर आम्हांस त्याच नावाने हाक मारली होती. तेव्हापासून आम्ही आपली मराठी इतकी घासूनपुसून लख्ख केली की, आमची मातृभाषा कोकणी आहे हे वर्गातील एकाही मुलाला ठाऊक नव्हते. त्या मुलावर आम्ही अधिक कठोर झालो ते मराठीच्या प्रेमामुळे, असे आम्ही स्वतःला सांगत आलो होतो.

तो मुलगा उठून जवळ आला. आमच्या टाचेकडे त्याने पाहिले, आणि त्याच्या तोंडून मराठी निघावी की कोकणी, याचा विचार करावयास त्याला सवड मिळाली नसावी. “सर, पांय दुखतात?” त्याने विचारले. मग भीतभीतच पुढे म्हणाला, “म्हजो आजो नव्या व्हाणांक तेल लायता.”

आम्ही क्षणभर गप्प राहिलो. नंतर म्हणालो, “हय रे, दुखतात. म्हजो बापूयय लायतालो.” माझे वडीलही लावीत असत! त्या वर्गात आम्ही उच्चारलेले ते पहिले कोकणी वाक्य. त्याने डोळे विस्फारून आमच्याकडे पाहिले, आणि जूननंतर प्रथमच आम्ही त्याला हसताना पाहिले.

त्या सायंकाळी आम्ही चपला घालून घरी गेलो आणि बूट हातांत धरून नेले. रस्त्यातील लोक काय म्हणाले असतील ते असो. फोड बरे होईपर्यंत आठवडा गेला. फोड म्हणजे घर्षणाने त्वचेचे थर एकमेकांपासून सुटून मध्ये पाणी भरते. वरची पातळ साल खालच्या हुळहुळ्या कातडीचे रक्षण करीत असते, म्हणून तो मुद्दाम फोडू नये, हे आम्ही या निमित्ताने शिकलो. मग वडिलांची रीत आरंभिली. रात्री टाचेपाशी आणि चवडा वाकतो तेथे बोटभर तेल चोळावयाचे, आणि ते रात्रभर मुरू द्यावयाचे. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात रोज अर्धा तास, दोन मोजे चढवून, दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, तिसऱ्यात शाळेपर्यंत. बूट ओला झाला तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावयाचा, चुलीपाशी किंवा उन्हात नाही, कारण त्याने कातडे तडकते. या साऱ्यामागील कारण साधेच आहे. कातडे म्हणजे असंख्य बारीक तंतूंची गुंतागुंत. नव्या बुटातील हे तंतू एकमेकांना घट्ट धरून असतात. पायाची ऊब, थोडा घाम, तेल आणि रोजचे थोडे थोडे वाकणे यांनी ते एकमेकांवरून सरकू लागतात, आणि जेथे आपला पाय वाकतो तेथेच बूटही वाकावयास शिकतो.

त्याच दिवसांत त्या मुलाशीही आम्ही एक करार केला. रोज अर्धे पान लिहून आणावयाचे. विषय त्याचा. आम्ही लाल शाई वापरावयाची नाही; दोन चुका पेन्सिलीने दाखवावयाच्या, तिसरी दिसली तरी दुसऱ्या दिवसासाठी ठेवावयाची. मराठी शब्द सुचला नाही तर कोकणी लिहावा, आणि मग दोघांनी मिळून त्याचा मराठी सोयरा शोधावा. ‘न्हंय’ आणि ‘नदी’ ही एकाच घरातली माणसे, हे त्याला सांगताना आमचाच आवाज किंचित बदलला, हे आम्हांस जाणवले. पहिले काही दिवस तो वही टेबलावर ठेवून पळून जाई. नोव्हेंबरच्या अखेरीस तो थांबून वाद घालू लागला.

डिसेंबरात शाळेची सहल येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेली. आम्ही बूट घालूनच गेलो. ही आमची परीक्षा होती. येळ्ळूर गावापासून माथ्यापर्यंत चढलो आणि उतरलो. खाली आल्यावर बूट काढले, तेव्हा टाचा कोरड्या होत्या. तो मुलगा शेजारीच उभा होता. “तेल लागू पडलं, सर,” तो शुद्ध मराठीत म्हणाला, आणि आम्ही त्याला कोकणीत उत्तर दिले.

२६ जानेवारीला आमचे पथक संचलनात चालले. आमचे पाय ताठ होते, आवाज मोठा होता, आणि बुटांनी एकदाही तक्रार केली नाही. डाव्या करंगळीपाशी मात्र एक लहानसा घट्टा कायमचा राहिला आहे. बूट आमच्या पायाच्या आकाराचे झाले खरे. पण थोडे आमच्या पायालाही बुटाचे व्हावे लागले.

बुटांचे हे असे झाले. मुलाच्या बाबतीत एक गोष्ट अजून राहिली आहे. जून महिन्यात सर्व वर्गापुढे आम्ही त्याला जे बोललो, त्याबद्दल सर्व वर्गापुढे कधी काही म्हणालो नाही. शिक्षकाची जीभ या बाबतीत नव्या बुटाहूनही ताठ असते. म्हणून ते येथे छापून देत आहोत: ती चूक आमची होती.

याच अंकात आठवीतील एका मुलाचा नदीवरचा निबंध आलेला आहे. नाव आम्ही सांगत नाही. वाचकांनी तो वाचावा. त्याच्या दुसऱ्या परिच्छेदात ‘न्हंय’ हा शब्द आढळेल. तो मुद्रणदोष समजू नये. निबंध तपासताना तो आमच्या नजरेतून सुटलेला नाही. आम्ही तो तेथे राहू दिला आहे.