सांभार, अंडी आणि कॅक्स्टन

गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक पाप घडले. पाप म्हणजे काही मोठे नव्हे. आमच्या व्यवसायात ते रोज घडते आणि त्याचा पगारही मिळतो. प्रथम वर्षाच्या निबंधांचा गठ्ठा पुढे होता, हातात लाल पेन होते आणि विषय होता 'माझ्या आईचे स्वयंपाकघर'. विदर्भातून शिकायला आलेल्या एका मुलीने लिहिले होते, की आई शेवटी वरणावर बारीक चिरलेला सांभार टाकते. मी 'सांभार'भोवती लाल वर्तुळ काढले आणि समासात शेरा मारला, "वरणावर सांबार? विचार करून लिहावे."

'चिरलेला' या शब्दाने तरी मी शुद्धीवर यायला हवे होते. पण लाल पेन हातात असले, की माणसाला जरा कमीच दिसते.

वही परत घेताना ती मान खाली घालून म्हणाली, "सर, आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात." वर्गात हशा पिकला. मीही हसलो आणि "असेल, पण लिहिताना प्रमाण शब्दच वापरावा," असे म्हणून माझी बाजू सावरून घेतली.

तिच्या पुढच्या निबंधात एकही चूक नव्हती. कोथिंबीर कोथिंबिरीच्या जागी होती, ऱ्हस्वदीर्घ जागच्या जागी होते. पण पहिल्या निबंधात चुलीपुढे वावरणारी तिची आई या निबंधातून निघून गेली होती. मी दहापैकी सात गुण दिले आणि उगाच अस्वस्थ झालो.

त्याच आठवड्यात मला विल्यम कॅक्स्टन भेटला. पुस्तकातच, पाचशे वर्षांपूर्वी वारलेला माणूस आणखी कुठे भेटणार? इंग्लंडातला हा पहिला मुद्रक. पण धंद्याने कापडाचा व्यापारी. लंडनला एका बड्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी करून तो समुद्रापलीकडे ब्रूझला गेला आणि सुमारे 30 वर्षे तिकडेच राहिला. पंचेचाळिशी उलटल्यावर, 1469 च्या मार्चमध्ये, त्याने ट्रॉयच्या कथांचे एक फ्रेंच पुस्तक इंग्रजीत आणायला घेतले. थोडी पाने झाली आणि गृहस्थाचा धीर सुटला. कागद तसेच पडून राहिले. (माझ्याही टेबलाच्या खणात असे कागद आहेत, पण ते असो.) पुढे इंग्लंडच्या राजाची बहीण, बर्गंडीची डचेस मार्गारेट, हिने ती पाने पाहिली, त्याच्या इंग्रजीतले दोष दाखवले आणि पुस्तक पुरे करण्याची आज्ञा केली. 1471 मध्ये कोलोनला ते पुरे झाले. प्रती मागणारे मित्र पुष्कळ. लिहून लिहून लेखणी झिजली, हात थकला, डोळे अंधुक झाले. तेव्हा या प्रौढ माणसाने छपाईची नवी विद्या शिकून घेतली. इंग्रजी भाषेत छापलेले पहिले पुस्तक ते हेच, आणि ते छापले गेले इंग्लंडबाहेर! 1476 मध्ये त्याने वेस्टमिन्स्टरला आपला छापखाना थाटला.

या पुस्तकाच्या प्रास्ताविकात कॅक्स्टन कबूल करतो, की आपण इंग्रजी शिकलो ते केंट परगण्याच्या रानवट भागात, आणि तिथल्याइतके ओबडधोबड इंग्रजी क्वचितच कुठे असेल. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. भाषेला छापील रूप देणारा माणूस स्वतः सांभारवालाच होता की!

1490 च्या सुमारास, आपल्या 'एनिडॉस'च्या प्रस्तावनेत, त्याने एक हकीकत सांगितली आहे. झीलंडला निघालेले काही व्यापारी वारा पडल्यामुळे टेम्स नदीत अडकले आणि खाण्यापिण्याच्या शोधात किनाऱ्यावर उतरले. शेफील्ड नावाच्या एकाने एका घरी अंडी मागितली. शब्द वापरला 'एगिज'. घरधनीण म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो संतापला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते! मग दुसऱ्याने 'आयरेन' मागितली, तेव्हा बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. आता लिहायचे काय, 'एगिज' की 'आयरेन'? असा कॅक्स्टनचा प्रश्न. काही सभ्य गृहस्थ त्याला म्हणत, तुमचे शब्द फार अवघड, साधे वापरा. पंडित म्हणत, भारदस्त वापरा. त्याने मधली वाट धरली: फार गावंढळ नको, फार नखरेलही नको. त्या बाईला मात्र त्याने अडाणी म्हटले नाही.

आणखी एक गोष्ट. चॉसरच्या 'कँटरबरी कथा' त्याने छापल्या, तेव्हा एका गिऱ्हाइकाने सांगितले, की हा पाठ चॉसरचा नव्हे. माझ्या वडिलांजवळची प्रत याहून शुद्ध आहे. कॅक्स्टनने ती प्रत मागून घेतली आणि 1483 च्या सुमारास पुस्तक नव्याने छापले. वर प्रस्तावनेत आपली चूकही सांगून टाकली. खिळे पुन्हा जुळवायचे, कागद पुन्हा विकत घ्यायचा. मला तर एक शेरा खोडायचा होता, आणि तेवढ्यासाठी मी आठ दिवस टाळाटाळ करत होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीकडून जुना निबंध मागून घेतला. वर्गासमोर हसलो होतो, म्हणून वर्गासमोरच शेरा खोडला आणि म्हटले, "चूक माझी होती. निबंध पुन्हा लिही, सांभारासकट." ती काही बोलली नाही.

दोन दिवसांनी वही आली. तिच्यात आई परत आली होती, सांभार होता, आणि 'भेद्रं' असा एक नवाच शब्द होता. लाल पेन आपोआप उचलले गेले. ते मी खाली ठेवले आणि वर्ग सुटल्यावर तिला अर्थ विचारला.

"टोमॅटो, सर," ती म्हणाली; आणि यावेळी हसली ती.