सेंद्रियचा कागद आणि आपला प्रश्न



चाकणच्या मोठ्या बाजारात कांदा-बटाट्याचे राज्य, तिथे आपले काय काम! पण पणन मंडळाचे शेतकरी आठवडे बाजार आपल्या पिंपरी-चिंचवडमध्येही भरतात. तिथे दोडका, दुधी, भेंडी घेऊन शेतकरी स्वतः उभा असतो. एखाद्या टेबलावर ‘सेंद्रिय’ अशी पाटी दिसली की आमच्या सोसायटीतल्या बायका म्हणतात, “औषध मारलेले नाही, म्हणजे हिंसा नाही.” मी बी.कॉम., मला आधी कागद पाहायची सवय.

कागद दोन प्रकारचे. एक २००१ पासूनच्या राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमाचा. त्यात बाहेरची संस्था शेत तपासते. दुसरा पीजीएसचा, त्यात शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते तपासतो. त्यावर ‘ग्रीन’ असेल तर जमीन अजून बदलाच्या काळात आहे, ‘ऑरगॅनिक’ असेल तर तो काळ पुरा झाला. नाव, पिके आणि मुदत वाचावी. कागदावर गहू आणि टोपलीत वांगी असतील तर खुशाल विचारावे. कागद नाही म्हणून मात्र कोणाला खोटे ठरवू नका. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला शेतकरी थेट गिऱ्हाइकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. फक्त ‘जैविक भारत’चे चिन्ह लावता येत नाही.

पण हा कागद रसायनांचा हिशेब देतो, जिवांचा नाही. सेंद्रियच्या नियमांत हाडांचा चुरा, रक्ताचे खतसुद्धा अटींवर चालते! म्हणून मी तोंडाने विचारते.

“दादा, खत कसले?”

“शेणखत, आणि ताग गाडतो.”

“हाडांचा चुरा?”

“छे हो मावशी!”

“आणि अळीला?”

“निंबोळी अर्क, कामगंध सापळे.” मग हसून म्हणाला, “अळी मारली नाही तर किडकी भेंडी तुम्ही घ्याल का?”

याला काय उत्तर द्यायचे? किडकी भेंडी आपण जिवासाठीच टाळतो, आणि आपण टाळतो म्हणून त्याला सापळा लावावा लागतो. मी त्याच्याकडची निवडून काढलेली भेंडी मागितली. त्याने पैसे घेतले नाहीत, मी बळेच अर्धे दिले. घरी एकेक उभी चिरून पाहिली. पाचसहांत अळ्या निघाल्या. त्या भेंडीसकट जास्वंदीखाली सावलीत ठेवल्या. उरलेली भाजी चौघांना पुरली.

सूनबाई म्हणते, एवढा वेळ कोणाकडे आहे? तेही खरेच.