हिरड्याचे दिवस

चैत्र-वैशाखात आमच्या आजोळी शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळं गाव हिरड्याच्या झाडाखाली असे. आंबेगाव तालुक्याचा पश्चिम भाग, भीमाशंकरच्या कुशीतला. घरं महादेव कोळ्यांची. आठळी धरण्याआधीचा कोवळा बाळहिरडा झोडायचा आणि कातळावर वाळत घालायचा. उन्हानं तो काळाठिक्कर पडला की पोती भरायची. मीठ, मिरची, तेल, पोरांचे कपडे, पावसाळ्याची सारी बेगमी त्या पोत्यांतून निघे. म्हणून हिरड्याच्या खोडाला कुणी कुऱ्हाड लावत नसे. भाताच्या राबासाठी फांद्या तोडाव्या लागत, तेव्हाही मामा खालून ओरडे, "शेंडा ठिव रं, झाड मरंल!"

देवराईत तर पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही, असं आजी बजावे. तिथल्या उंच झाडांवर शेकरूची घरटी असत आणि उन्हाळ्यातही खालची माती ओलसर लागे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या अशा देवरायांचा अभ्यास केला, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. वाचताना मला आजीच दिसत होती.

सगळ्यात जास्त आठवते ती पडकई. उतारावर दगडांचा बांध रचायचा, वरची माती ओढून खाचर करायचं; आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. डोंगराचा कल पाहून, हातानं, हळूहळू. डिंभे धरणात जमिनी गेलेल्यांसोबत राहून काम करणाऱ्या आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांनी हीच पडकई रोजगार हमीच्या कामांत बसवून घेतली. उपजीविकाही राहावी आणि मातीही, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. पुढे उतारावर यंत्रं चढली. ३० जुलै २०१४ च्या सकाळी याच तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं, सुमारे दीडशे माणसं गेली. पाऊस भयंकर होता हे खरंच. पण यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाकडेही अनेकांनी बोट दाखवलं.

१९८५ साली भीमाशंकरचं अभयारण्य झालं, तेव्हा घरोघर एकच बोलणं होतं, शेकरू वाचणार, मग आपण जायचं कुठं? २०११ मध्ये सादर झालेला, त्याच माधव गाडगीळांच्या पश्चिम घाट समितीचा अहवाल बाहेर आला तेव्हाही तीच धास्ती पसरली. वास्तविक त्या अहवालाचा सगळा भर ग्रामसभांनी ठरवावं यावर होता. भीमाशंकरजवळच्या पवनचक्क्यांसाठी डोंगर कापून केलेल्या रस्त्यांची हानीही त्यात नोंदलेली आहे. पण अहवाल वेळेवर लोकांच्या हाती, लोकांच्या भाषेत पोचला नाही, आणि भीती मात्र वाऱ्यासारखी पोचली. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

पश्चिम घाटासाठीच्या केंद्र सरकारच्या जुलै २०२४ च्या मसुदा अधिसूचनेत महाराष्ट्रातलं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून दाखवलं आहे. खाणींना आणि बेफाम बांधकामांना आवर हवाच. तो आधीच यायला हवा होता. पण त्या क्षेत्राच्या नकाशाची रेघ ज्यांच्या बांधावरून जाते, त्यांच्या ग्रामसभेत तो नकाशा मराठीतून वाचून दाखवावा, आणि हिरडा कुणी वेचायचा, राब कुठला तोडायचा, हे तिथंच लिहून घ्यावं. मामाची मुलं अजून हिरडा झोडतात. त्या सभेला ती नक्की येतील, आणि बोलतीलही.