गोळ्या पुढच्या आठवड्यात

परवा शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन निवांत लोळत पडलो होतो. (रिलीज होऊनही रात्री कुणाचा फोन आला नाही, हे आमच्या धंद्यात भाग्यच!) तेवढ्यात गावाकडून काकूचा फोन. "अरे, या महिन्याच्या गोळ्या मिळाल्या बरं का दवाखान्यात." बस, एवढंच सांगायला फोन. यात काय विशेष, असं तुम्हाला वाटेल. म्हणून सांगतो.

आमचे काका मराठवाड्यातल्या गावी असतात. मी सहावीत असताना त्यांना आवाज ऐकू यायला लागले. आधी देवऋषी झाला, मग उतारे, मग नवस. शेवटी गावातल्या शाळेच्या मास्तरांनी त्यांना जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. स्किझोफ्रेनिया. गोळ्या सुरू झाल्या आणि वर्षभरात काका परत औत धरायला लागले. मी इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन एसटीच्या टपावर त्यांनीच चढवली.

गेल्या पावसाळ्यात दवाखान्यातल्या गोळ्या संपल्या. "पुढच्या आठवड्यात या म्हणले," काकू सांगत होती. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. एक हेलपाटा म्हणजे एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी बुडाली. तिसऱ्यांदा ती गेलीच नाही. मलाही कळवलं नाही, का तर "तू कामात असतोस".

दीड महिन्यात काका घरातून निघून गेले. चार दिवसांनी तीस किलोमीटरवर सापडले. अनवाणी, पाय सोललेले. मी पुण्याहून पोचलो तेव्हा त्यांनी मला ओळखलं नाही.

त्या गोळ्यांची बाहेरच्या मेडिकलमधली महिन्याची किंमत मी विचारली. माझ्या एका वीकेंडच्या पिझ्झ्याएवढीही नव्हती. ते बिल हातात घेऊन मी दुकानासमोर बराच वेळ उभा होतो.

आता घरात दोन महिन्यांच्या गोळ्या जादा ठेवलेल्या असतात. म्हणजे आमच्या घराला बॅकअप मिळाला, पण सिस्टीम तीच आहे. ज्याचा पुतण्या पुण्यात नोकरीला नाही, त्याचं काय?

गंमत म्हणजे (गंमत कसली!) कायदा आपल्याकडे उत्तम आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम १८ नुसार सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. यादीतली आवश्यक औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत मोफत आणि 'सदासर्वकाळ' उपलब्ध हवीत, असंही त्यात आहे. त्यासाठी पुरेशी आर्थिक तरतूद करायची जबाबदारीही सरकारवरच टाकलेली आहे. स्पेसिफिकेशन एकदम क्लिअर! अडतं ते अंमलबजावणीत, आणि त्यातलं बरंचसं पैशापाशी.

केंद्राच्या २०२४-२५ च्या बजेटमध्ये मानसिक आरोग्याच्या नावानं साधारण १००० कोटी होते. म्हणजे आरोग्य खात्याच्या एकूण रकमेच्या सुमारे एक टक्का. त्यातलेही साडेआठशे कोटी एकट्या बंगळुरूच्या निम्हान्सला. निम्हान्स हवीच, पण काकू बंगळुरूला कशी जाणार? तिच्या कामाचा आहे तो १९९६ साली सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. त्याचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो. प्रत्येक जिल्ह्यात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि नर्स अशी टीम असावी, ही त्यामागची कल्पना. कागदावर टीम असते, पण जागा भरायला पगार लागतो आणि गोळ्या वेळेवर यायला खरेदीचे पैसे.

निम्हान्सच्याच २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बहुतेक मानसिक आजारांमध्ये ७० टक्क्यांहून जास्त लोकांना उपचारच मिळत नाहीत असं दिसलं. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात सर्वाधिक, २२,७४६, आपल्या महाराष्ट्रात. २०२२ मध्येच टेलि-मानस ही १४४१६ नंबरची हेल्पलाईन सुरू झाली. चांगली गोष्ट आहे. पण फोनवरून धीर देता येतो, गोळी देता येत नाही.

"सरकारकडे पैसा कुठंय?" असं माझा एक मित्र लगेच म्हणतो. अरे, पैसा तसाही जातोच की! काकांना शोधायला चार दिवस पोलीस फिरले, मग तीन आठवडे सरकारी वॉर्डातली खाट, काकूची मजुरी, चुलतभावाचं बुडालेलं सेमिस्टर. हा हिशेब कुठल्याच बजेटमध्ये दिसत नाही, एवढंच. गोळ्यांपेक्षा तो कितीतरी पट महाग पडला.

रस्ता खराब असला की आपण आमदाराला गाठतो. गोळ्या संपल्या की मात्र गप्प बसतो, कारण लोक काय म्हणतील. आम्हीही बसलो. त्यामुळे मागणीच दिसत नाही, आणि मागणी नाही तिथं पैसा कोण देणार?

म्हणून आज हे उघड लिहिलं. काकांना विचारून. ते म्हणाले, "लिही की. रोग हाय, चोरी थोडीच केली?"

असो. चहा पार गार झाला.