ऐकायचं कोणाचं?

मुंबईची जकात २०१७ साली गेली, पण तिच्या हद्दीबाहेर म्हणून उभी राहिलेली मानकोली-दापोड्याची गोदामं काही हलली नाहीत. मी जातो तिथे कोपऱ्यात एक सर्व्हर असतो आणि त्याला तीन नेटवर्क कार्डं: एक हँडहेल्ड स्कॅनरसाठी, एक ऑफिससाठी, तिसरं बॅकअपचं.

एसक्यूएल सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपी/आयपीखाली 'लिसन ऑल' अशी एक ओळ आहे. ती 'येस' असली की डेटाबेस सगळ्याच कार्डांवर ऐकतो. मग एकेका आयपीपुढे काहीही भरा, चालतो तो शेवटच्या 'आयपी ऑल'मधला पोर्ट. नवखी मुलं बॅकअपच्या आयपीपुढे 'नो' करतात आणि निश्चिंत घरी जातात.

पुस्तकी सल्ला असा, की 'लिसन ऑल' बंद करून हवे तेवढेच पत्ते चालू ठेवा. मला तो इथे पटत नाही. इथे लाइट जाते. परत आली की सर्व्हर आणि स्विच एकदम उठू लागतात. डॉककडचा स्विच सावकाश उठतो, तोवर स्कॅनरच्या कार्डाला लिंक नसते आणि विंडोजच्या लेखी तो पत्ताच नसतो. नेमलेला पत्ता सापडला नाही, की एसक्यूएलची सर्व्हिस सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. एका स्विचपायी अख्खं काम ठप्प, बाहेर ट्रकांची रांग!

म्हणून मी 'लिसन ऑल' चालूच ठेवतो. पोर्ट १४३३ पक्का करतो, 'डायनॅमिक पोर्ट्स'चा रकाना कोरा ठेवतो (तिथलं शून्यही पुसायचं) आणि कोणाला आत घ्यायचं ते फायरवॉलवर सोपवतो. ब्राउझर सर्व्हिस बंद. जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर हा वर्म शिरला तो ती आता वापरते त्याच यूडीपी १४३४ पोर्टातून. ३७६ बाइट पुरले त्याला.

खरी गोम मात्र बहुधा डेटाबेसबाहेर असते. कोणीतरी दोन कार्डांवर डीफॉल्ट गेटवे भरून ठेवलेला असतो. मागणी एका कार्डावरून येते, उत्तर दुसऱ्यावरून निघतं आणि मधला फायरवॉल ते टाकून देतो. नाहीतर बॅकअपच्या कार्डाचा पत्ता डीएनएसमध्ये नोंदलेला असतो. मग ऑफिसची मशीनं कधी जोडली जातात, कधी नाही, आणि तक्रार येते, 'सर्व्हर स्लो आहे.'

प्रोटोकॉलमधला बदल रीस्टार्टशिवाय लागू होत नाही, आणि रीस्टार्टची वेळ गोदामाचा सुपरवायझर ठरवतो. ते झालं की एरर लॉगमधली 'लिस्निंग ऑन'ची ओळ वाचायची आणि चालू कनेक्शन कोणत्या कार्डावर आलीत ते बघायचं. एखादा स्कॅनर ऑफिसच्या पत्त्यावर आलेला दिसला, तर त्याच्यात जुनी सेटिंग राहिलेली असते. ती बदलायला डॉकपर्यंत चालत जावं लागतं.