लिंबायतच्या आईशी बोलताना : चॅटबॉटला अनावृत पत्र

प्रिय चॅटबॉट,

सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोली भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. बाप लूमवर, आई घरी साडीला टिकल्या लावते. एखाद्या घरात मूल रांगू लागलं की त्याच्या अंगावर निळे डाग उठतात, ओठ फुटला तर रक्त तासन्‌तास थांबत नाही. तपासणीत कळतं, हिमोफिलिया. दवाखान्यात मागे रांग असते, डॉक्टरांना फार बोलायला सवड नसते. रात्री आईच्या हाती मोबाइल असतो आणि मोबाइलमध्ये तू.

तू तिच्याशी बोलावंस, असंच मला वाटतं. तोच प्रश्न दहादा विचारला तरी तू खेकसत नाहीस. पण तिच्या अहिराणी-गुजराती मिसळलेल्या बोलीत बोल.

सगळ्यात आधी सांग, बाई, यात तुझा दोष नाही. हा आजार बहुधा आईकडून मुलाकडे येतो, एवढं अर्धंच वाक्य सासरी पोचलं तर तिचं जगणं कठीण होतं. सुमारे एक तृतीयांश मुलांच्या घराण्यात हा आजार आधी कुणालाच नसतो, हेही सासूला ऐकव. तापाला पॅरासिटामॉल चालतं, ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन नको. लस चुकवायची नाही, मात्र टोचणाऱ्या नर्सला आजार आधी सांगायचा. पोर लंगडू लागलं, सांधा गरम लागला, तर सूज दिसायची वाट बघायची नाही. त्याच त्या सांध्यात पुन्हापुन्हा रक्त साचलं की तो कायमचा निकामी होतो.

डोक्याला मार लागला असेल तर मात्र चौकशा करत बसू नकोस. ‘आत्ता निघा, आधी फॅक्टरचं (रक्त गोठवणाऱ्या घटकाचं) इंजेक्शन, मग स्कॅन’ एवढंच म्हण. फॅक्टरचा डोस कधीही सांगू नकोस. कमी आठवा फॅक्टर आहे की नववा, मुलाचं वजन किती, रक्तस्राव कुठे, यावर तो ठरतो. तू चुकीचं उत्तरही बरोबर उत्तराच्याच ठाम सुरात देतोस, आणि त्या आईला फरक कळणार नाही.

तुला घडवणाऱ्यांना माझी विनंती आहे. हिमोफिलिया फेडरेशन १९८३ पासून देशात काम करते, सुरतेतही तिची शाखा आहे. अशी मुलं वाढवलेल्या आया आणि रक्तविकारतज्ज्ञ यांनी तुझी मराठी उत्तरं तपासल्याशिवाय ती लिंबायतला पाठवू नका.